तिसऱ्या मजल्यावरच्या पोळ्या आणि तळमजल्यावरची गिरणी

‘राहत्या इमारतीतले धंदे’ या विषयावर गेल्या अंकात पत्रं मागवली होती. निम्मी पत्रं धंदा करणाऱ्यांची आली, निम्मी त्याच धंद्याच्या वर, खाली किंवा भिंतीपलीकडे राहणाऱ्यांची. ‘कायद्याप्रमाणे’ हा शब्द दोन्हीकडे पहिल्या तीन ओळींत येतो. कायदा उघडून पाहिल्याची खूण मात्र क्वचितच दिसते. नोकरीभर मी परवाना खात्यात बसले. अशी तक्रार समोर आली की मी आधी एकच विचारायची : उंबऱ्याबाहेर काय येतं? आवाज, धूर, सांडपाणी, माणसं, की गाड्या? बाहेर काहीच येत नसेल तर शेजाऱ्यांनी नाक खुपसू नये. येत असेल तर ‘माझं घर, मी काहीही करीन’ हेही चालायचं नाही. नियमांची भाषा वेगळी असते, पण फिरून फिरून ते बहुतेक इथंच येतात.

जागा थोडी, म्हणून निवडक पत्रं घेतली आहेत. काही पत्रं मी कापली आहेत, राग मानू नये.

प्रश्न : ताई, कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे. यजमानांची नोकरी गेल्यावर मी पोळी-भाजीचे डबे सुरू केले. आता दुपारचे चाळीस आणि रात्रीचे वीसेक डबे जातात. पोळ्या लाटायला दोन बायका येतात. सोसायटीनं नोटीस दिली आहे : ‘निवासी सदनिकेत व्यवसाय बेकायदा आहे, त्यामुळे इमारतीचा दर्जा खालावतो, पंधरा दिवसांत बंद करा, अन्यथा पाणी तोडू.’ माझ्याकडे शॉप अ‍ॅक्ट आहे. तरी बंद करावं लागेल का?
— एक डबेवाली, पुणे

उत्तर : आधी ‘दर्जा’चं बोलते, कारण तो शब्द वाचून माझं डोकं फिरलं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. गिरणगावात तर एका खोलीच्या बिऱ्हाडात बायका गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवत. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकांना या बायकांसाठी दार उघडायला लावलं. त्यापायी मुंबईचा दर्जा घसरल्याचं ऐकिवात नाही. नोटिशीतल्या या वाक्याला उत्तर देत बसू नका.

आता पाणी. पाणी तोडणं हा कार्यकारी समितीच्या हातातला प्रकारच नाही. सचिवाच्या सहीचं पत्र म्हणजे संस्थेचा निर्णय नव्हे. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, सदनिका ज्या कामासाठी दिली त्याहून वेगळ्या कामाला वापरायची तर संस्थेची पूर्वपरवानगी लागते, हे खरं. तुम्ही ती मागितलेली दिसत नाही, म्हणजे तिथं समितीचा मुद्दा आहे. पण उपविधी मोडल्याची कारवाई करायची तर आधी कारणे दाखवा नोटीस, मग सर्वसाधारण सभेपुढे विषय, तुम्हाला म्हणणं मांडायची संधी, आणि मग दंड. त्या दंडालाही आदर्श उपविधींत वर्षाला पाच हजारांची मर्यादा आहे. तुमच्या संस्थेनं कुठले उपविधी स्वीकारलेत त्याची प्रत लेखी मागा. सभासद म्हणून ती मिळायलाच हवी. पाण्याचा व्हॉल्व्ह खरोखरच फिरवला तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करा, त्याच दिवशी करा.

इथवर वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल. थांबा. तुमची बाजू तुम्हाला वाटते तितकी भक्कम नाही.

शॉप अ‍ॅक्ट, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखालची पावती, जिला मुंबईत गुमास्ता म्हणतात, तो कागद म्हणजे जागेला मिळालेली परवानगी नव्हे. २०१७ च्या नव्या कायद्यात तुमच्यासारख्या दोन-चार माणसांच्या उद्योगाला नोंदणीही लागत नाही. नुसती ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. ती पावती सांगते की इथं अमुक धंदा चालतो. इथं तो चालावा की नाही, हे ती सांगत नाही. माझ्या टेबलापुढे लोक तो कागद फ्रेम करून आणायचे, आणि मला दर वेळी हेच सांगावं लागायचं.

जागेचं उत्तर विकास नियंत्रण नियमावलीत मिळतं. मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे. निवासी भागात परंपरेनं घरात होणारे उद्योग घरातल्याच माणसांनी, पगारी मजूर न ठेवता केले तर चालतात, असं ती म्हणते. शिवण, भरतकाम, बटणं ही तिची उदाहरणं. पुढे ‘इत्यादी’ आहे, त्यात स्वयंपाक बसतो असं भांडता येईल आणि मी असते तर भांडले असते. पण पगारी मजूर नको, तिथं तुमच्या दोन पोळीवाल्या मावश्या आड येतात. म्हणून ‘माझं सगळं कायदेशीर आहे’ असं उत्तर लिहू नका. परवानगीचा अर्ज लिहा.

अर्जाआधी चार गोष्टी नीट करून घ्या. पहिली, अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी. २००६ चा हा कायदा घरातून डबे देणाऱ्यालाही लागू आहे. नोंदणी ऑनलाइन होते आणि चौदा अंकी क्रमांक मिळतो. तो डब्याच्या पिशवीवर छापा. गिऱ्हाइकाला बरं वाटतं आणि समितीतल्या कुरकुऱ्या सभासदाचा एक मुद्दा कमी होतो.

दुसरी, गॅस. पत्रात तुम्ही याबद्दल अक्षर लिहिलेलं नाही, म्हणून मला संशय आहे. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. साठ डब्यांच्या पोळ्या घरच्या सिलिंडरवर होत असतील तर अनुदानाची गोष्ट सोडा, अपघात झाला त्या दिवशी विमा कंपनी हाच मुद्दा पहिला काढील. तिसऱ्या मजल्यावर किती सिलिंडर, कुठे ठेवलेत, हा प्रश्न विचारायचा शेजाऱ्यांना पुरेपूर हक्क आहे. भरलेले जादा सिलिंडर जिन्यात ठेवत असाल तर हे वाचून होताच उचला.

तिसरी, वीज. यात तुमच्या सोयीचा एक नियम आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. राहत्या घराच्या एका भागात धंदा चालत असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या आत असेल आणि मागच्या आर्थिक वर्षाचा वापर ३,६०० युनिटांच्या आत असेल, तर वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशाप्रमाणे घरगुती दरच लागतो. तुमचा चुलाणा गॅसवर आहे, त्यामुळे मिक्सर, फ्रीज, पंखा धरून तुम्ही बहुधा आतच असाल. बारा महिन्यांची बिलं काढून बेरीज करा. ओलांडत असेल तर स्वतःहून कळवा. भरारी पथकानं पकडल्यावरचा हिशेब वेगळा असतो.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती नोटिशीत नाही : ड्रेनेज. साठ डब्यांच्या कढया, तवे, परातींचं तेलकट पाणी एकाच उभ्या पाइपातून खाली जातं, थंडीत गोठतं, आणि पहिल्या मजल्यावरच्या न्हाणीतून वर येतं. ज्यांच्या न्हाणीतून ते आलं ते ‘ड्रेनेज तुंबतं’ असं लिहीत नाहीत, ‘दर्जा खालावतो’ असं लिहितात. पहिल्या मजल्यावर जाऊन सरळ विचारा. सिंकखाली ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल अडवणारी पेटी, बसवा, भांडी घासण्याआधी तेल कागदानं पुसून घ्या, आणि चेंबर साफ करायचा खर्च दर तीन महिन्यांनी मी देईन असं अर्जातच लिहा. हे एक वाक्य वकिलाच्या पत्रापेक्षा जास्त काम करील.

डबे न्यायला येणारी मुलं बारा ते एक लिफ्ट अडवत असतील तर डबे तुम्हीच खाली नेऊन गेटवर द्या. आणि धंदा शंभर डब्यांकडे चालला असेल तर माझं ऐका, जवळ एखादा गाळा बघा. दोघी-तिघींनी मिळून घेतलेला गाळा परवडतो. साठ डबे हा घरातल्या स्वयंपाकघराचा कडेलोट आहे, असं मी अनेक जणींकडे बघून म्हणते.

प्रश्न : डोंबिवलीत आमची जुनी इमारत पाडून नवी झाली. जुन्या इमारतीत पिठाची गिरणी होती. पुनर्विकासात त्या गृहस्थांना तळमजल्यावर गाळा मिळाला आणि गिरणी पुन्हा सुरू झाली, बरोबर आमच्या शयनगृहाखाली. दुपारी झोपलो तर पलंग थरथरतो. मोबाइलवर आवाज मोजला तर ७० डेसिबल दाखवतो. निवासी इमारतीत गिरणी चालते तरी कशी?
— सेवानिवृत्त, डोंबिवली

उत्तर : गिरणी निवासी भागात चालते. तळमजल्यावर हवी, मोटारीच्या ताकदीला मर्यादा हवी, इमारतीला आणि रहिवाशांना त्रास नको, या अटींवर नियम तिला परवानगी देतात. कारण उघड आहे. दळण घेऊन कुणी औद्योगिक वसाहतीत जात नाही.

बिल्डरनं नकाशा काढताना गिरणीचा गाळा शयनगृहाखाली टाकला. जिन्याखाली, पार्किंगच्या बाजूला किंवा निदान स्वयंपाकघराखाली टाकता आला असता. ती वेळ गेली. पण पुनर्विकासाचा करार अजून चालू असेल आणि दोष-दायित्वाचा, म्हणजे बांधकामातले दोष बिल्डरनं दुरुस्त करून द्यायचा, काळ संपला नसेल, तर बिल्डरला पत्र जरूर पाठवा. काही मिळेल याची खात्री देत नाही.

मोबाइलचा आकडा विसरा. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. पण पुढचं लोक वाचत नाहीत : तक्रार करायला आवाज मर्यादेपेक्षा दहा डेसिबलनं तरी जास्त लागतो, किंवा रात्रीच्या बंधनाचा भंग लागतो. गिरणी रात्री बंदच असते. म्हणजे दिवसा ६५ च्या वर, आणि तेही नीट यंत्रानं मोजलेलं हवं. इतकी धावपळ करून पोलीस आलेच तर गिरणीवाला त्या वेळी चहा पीत बसलेला असतो.

शिवाय तुमचा खरा त्रास आवाजाचा नाहीच. पलंग थरथरतो म्हणजे हादरा आहे, तो डेसिबलमध्ये दिसत नाही, आणि त्यावरचा उपाय पोलिसांकडे नसून गिरणीच्या मेस्त्रीकडे आहे. खाली जा आणि तीन गोष्टी बघा. गिरणीचा चौथरा इमारतीच्या खांबाला किंवा भिंतीला चिकटलाय का? चिकटला असेल तर हादरा तिथूनच वर चढतो. चौथरा मोकळा करून खाली जाड रबराचे पॅड टाकावे लागतील. दुसरं, पट्टा सैल आहे का? सैल पट्टा फटफटतो. तिसरं, दगडांना टाकी कधी लावली, म्हणजे ते टाचून खरखरीत कधी केले? बोथट झालेले दगड पीठ गरम करतात आणि अख्खी गिरणी हलवतात. ते कळायला मेस्त्री लागत नाही. दळण घरी आणल्यावर पीठ हाताला कढत लागलं की समजायचं. टाकी वेळेवर लागली तर गिरणीवाल्याचंही विजेचं बिल कमी येतं, त्यामुळे ही गोष्ट त्याला पटवणं सोपं आहे.

दुपारी एक ते चार गिरणी बंद ठेवायचं त्याच्याशी ठरवून घ्या. बहुतेक गिरण्या त्या वेळी तशाही थंडच असतात. एप्रिल-मे मधल्या मसाल्याच्या कांडपाचं मात्र वेगळं बोलावं लागेल, कारण त्यात आवाजाहून खकाणा वाईट. मिरचीची भुकटी उडते तेव्हा वरच्या मजल्यावरच्या लहान मुलांचे डोळे चुरचुरतात. त्यासाठी वेगळा बंदिस्त कोपरा हवा, आणि भुकटी बाहेर फेकणारा पंखा नव्हे, ती अडवणारी कापडी पिशवी हवी.

आणि एक. पत्राचा जो भाग मी कापला, त्यात तुम्ही गिरणीवाल्यांना सगळीकडे ‘तो’ म्हटलंय. तुमच्याइतकेच ते त्या सोसायटीचे सभासद आहेत, शेअर सर्टिफिकेटवर त्यांचंही नाव आहे. पुढच्या सभेत शेजारीच बसायचंय.

प्रश्न : मी नाशिकला घरी आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. एका वेळी दहा मुलं, संध्याकाळी दोन तुकड्या. शेजारचे म्हणतात, कोचिंग क्लासला आता सरकारी नियम आलेत, मुलं सोळा वर्षांखालची घेता येत नाहीत. खरं का?
— एक शिक्षिका

उत्तर : ती केंद्र सरकारची जानेवारी २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं. पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या क्लासबद्दल ती आहेत, तुमच्या वीस मुलांबद्दल नाहीत. शेजाऱ्यांना सांगा आणि निर्धास्त राहा. पण तुमच्या दोन तुकड्या पाठोपाठ लागतात, म्हणजे सव्वासहाला दहा मुलं उतरतात आणि दहा चढतात, जिन्यात चपलांचा ढीग, खाली सायकली आडव्या. मध्ये पंधरा मिनिटं मोकळी सोडा आणि चपलांसाठी घराच्या आत रॅक ठेवा. भांडण तिथलंच आहे, गणिताचं नाही.

प्रश्न : आम्ही सोलापूरला दोन खोल्यांच्या घरात राहतो. मी शाळेचे गणवेश शिवते. आता कंत्राटदार म्हणतो, साध्या मशीनवर काम पुरत नाही, दोन जुकी (कारखान्यात असतात तसली मोटारीची मशीन) घ्या, काम दुप्पट देतो. एक माणूस भेटला, तो म्हणाला, उद्यमचं सर्टिफिकेट काढून देतो, दोन हजार लागतील. मोठी मशीन घरात लावली तर महापालिका काही म्हणेल का?
— शिवणकाम करणारी, सोलापूर

उत्तर : अगोदर ते दोन हजार वाचवा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती पूर्णपणे मोफत आहे. आधार आणि पॅन लागतं. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बसवा, अर्ध्या तासात होतं. पैसे मागणारा माणूस सरकारचा नसतो.

आता मशीन. वर ज्या घरगुती उद्योगांच्या नियमाबद्दल लिहिलं, त्यात शिवणकामाचं नाव स्पष्ट आहे, म्हणजे तुम्ही अगदी नियमाच्या मधोमध आहात. दोन अटी : पगारी माणूस नको, आणि मोटारींचा एकूण भार एक अश्वशक्तीच्या आत. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. मशीन घेताना मोटारीवरची पट्टी वाचा. सर्व्हो मोटारीवर पुष्कळदा ५५० वॅट लिहिलेलं असतं. एक घेतलीत तर आत आहात, दोन घेतल्या की अकराशे होतात, म्हणजे बाहेर. कमी वॅटची मोटार बसवून मिळते, दुकानदाराला तसं सांगा. किंवा एक जुकी घ्या आणि काजं-बटणं, तुरपाई जुन्या मशीनवर करा. गणवेशात तसंही सगळं काम जुकीचं नसतं.

दोन खोल्यांत मशीन जमिनीवर थेट ठेवू नका, खाली रबर टाका. रात्री दहानंतर चालवू नका. जूनमध्ये शाळा उघडताना कंत्राटदार रात्र रात्र काम मागेल, तेव्हा हा नियम आठवणीत ठेवा. आणि तो ‘काम दुप्पट देतो’ म्हणतो ते तोंडी आहे. मशीनचे हप्ते बारा महिने असतात, गणवेशाचं काम एप्रिल ते जुलै. उरलेल्या महिन्यांत तो काय देणार ते कागदावर लिहून घेतल्याशिवाय दुसरं मशीन घेऊ नका.

प्रश्न : ठाण्याला घोडबंदर रोडवर आमच्या इमारतीच्या खाली चार गाळे आहेत. पैकी दोन एकत्र करून एका ऑनलाइन किराणा कंपनीनं गोदाम थाटलंय. शटर अर्धं खाली, बाहेर चाळीस-पन्नास दुचाकी, रात्री दीड वाजता ट्रक उतरवतात. पूर्वी तिथं किराणा दुकान होतं, कधी कुणाची तक्रार नव्हती. आम्ही ‘रात्री दहाला बंद करा’ असं पत्र दिलं. त्यांनी कायद्याची प्रत पाठवली की चोवीस तास परवानगी आहे. आता काय?
— सोसायटीचे खजिनदार

उत्तर : त्यांनी पाठवलेली प्रत खरी आहे. वर सांगितलेल्या २०१७ च्या शॉप अ‍ॅक्टनं दुकानं रात्रंदिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली. म्हणून ‘दहाला बंद करा’ ही मागणी सोडून द्या. तुम्ही चुकीच्या दारावर थाप मारलीत.

पण चोवीस तास उघडं ठेवणं वेगळं आणि रात्री दीड वाजता क्रेट आपटणं वेगळं. रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि वर सांगितलं तसं रात्रीच्या बंधनाला दहा डेसिबलची सवलत आड येत नाही. ट्रक दिवसा किंवा दहाच्या आत उतरवा, असं मागा. हे त्यांना जमतं, कारण गाड्यांच्या फेऱ्या त्यांनीच आखलेल्या असतात.

मंजूर नकाशा काढा. त्यात त्या गाळ्यांपुढे ‘दुकान’ लिहिलंय की आणखी काही? गिऱ्हाईक आत येऊन माल घेऊच शकत नसेल, तर ते दुकान की गोदाम, हा प्रश्न महापालिकेच्या शहर विकास विभागाला लेखी विचारण्यासारखा आहे. दोन गाळ्यांमधली भिंत पाडली आहे, तिची परवानगी घेतली होती का, हे त्याच पत्रात विचारा. माझ्या अनुभवात या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर लवकर मिळतं, कारण भिंत गेल्याचं डोळ्यांना दिसतं. आतला साठा, शीतपेट्या, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या आणि एकच दार, हे सगळं अग्निशमन विभागाला कळवा. वर किती बिऱ्हाडं राहतात तेही लिहा.

तुमच्या हातात आणखी एक गोष्ट आहे, जी तुम्ही वापरलेली नाही. गाळ्यांचे मालक तुमच्या सोसायटीचे सभासद असतील ना? कंपनी भाडेकरू आहे. नोटीस तिला नव्हे, मालकाला द्यायची. भाडं त्याच्या खात्यात जमा होतं, आणि कंपनीचा व्यवस्थापक दर तीन महिन्यांनी बदलतो. मालक बदलत नाही.

दुचाकींचं थोडं वेगळं बोलते. फूटपाथ अडवला असेल तर वाहतूक पोलिसांना बोलवाच. पण ती चाळीस मुलं तुमच्या जिन्यावर बसतात असंही तुम्ही लिहिलंय (ते मी कापलं). ती बसतात कारण त्यांना बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, लघवीला जायची सोय नाही. ही सोय आत करून द्या अशी मागणी तुमच्या पत्रात पहिल्या क्रमांकावर घाला. मुलं जिन्यावरून उठतील, आणि उपनिबंधकांपासून वॉर्ड ऑफिसपर्यंत कुणीही ते पत्र वाचलं तरी तुम्हाला कटकट्या सोसायटी म्हणणार नाही.

जुन्या किराणावाल्याची कधी तक्रार नव्हती म्हणता. त्याचाही टेम्पो यायचाच. फक्त त्याला तुमच्या घरात दहावीला कोण आहे हे ठाऊक असायचं.

प्रश्न : बोरिवलीतल्या आमच्या इमारतीत जिन्याखाली एक इस्त्रीवाला बसतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथंच आहे. नव्या समितीला तो नको आहे. ते म्हणतात, अतिक्रमण आहे. तो म्हणतो, दरमहा हजार रुपये देतो. आम्ही हिशेब पाहिले, कुठल्याच वर्षी ते जमा दिसत नाहीत. काय करावं?
— एक रहिवासी

उत्तर : समितीचं बरोबर आहे, कारण मात्र त्यांनी भलतंच दिलंय. जिना ही आगीच्या वेळी सुटकेची वाट असते. तिच्या तोंडाशी पेटता कोळसा आणि कपड्यांचे गठ्ठे असणं म्हणजे रोज नशिबाची परीक्षा. तो कोळशाऐवजी गॅसच्या इस्त्रीवर असेल तर सिलिंडर जिन्याखाली, म्हणजे आणखी वाईट. तिथून त्याला हलवावंच लागेल.

पण हलवणं म्हणजे घालवणं नव्हे. तो विजेच्या इस्त्रीवर यायला तयार आहे का ते विचारा. इमारतीला वॉचमनची किंवा मीटरची जुनी खोली असेल, तिथं मीटर नसलेला कोपरा मिळत असेल, तर सर्वसाधारण सभेत ठराव करून, लेखी करारानं, वेगळा वीजमीटर लावून जागा देता येते. विजेचा भार वाढतो, म्हणून वायरमनकडून तपासून घ्या. तसं जमलं नाही तर रस्त्याकडेच्या हातगाडीचा मार्ग आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात माल विकणाऱ्यांबरोबर सेवा देणारेही येतात, त्यामुळे तो प्रमाणपत्राला अर्ज करू शकतो. मात्र मुंबईतल्या या अर्जांची गती पाहता त्याला ‘प्रमाणपत्र येईपर्यंत थांब’ असं सांगणं म्हणजे घरी बस म्हणणंच. म्हणून आधी सोसायटीतच वाट काढा. महिनाभराची मुदत द्या, पावसाळा तोंडावर असेल तर दोन महिन्यांची.

हजार रुपयांचं म्हणाल, तर यापुढे भाडं चेकनं किंवा सोसायटीच्या खात्यावर क्यूआर कोडनं घ्या आणि दरमहा छापील पावती द्या. मागचे हजार कुणाकडे दिले ते त्यालाच विचारा, एकट्याला गाठून नव्हे, सभेत. नाव सांगायला तो कचरला, तर त्याच्याकडे बघू नका. त्या वेळी समोरच्या खुर्च्यांवर कोण चुळबुळ करतंय तेवढं बघा.